डोंगर चढून आलेला डास: हवाईच्या अकिकीकी पक्ष्याची गोष्ट

अकिकीकी फांदीवर स्वस्थ बसलेला क्वचितच दिसतो. शेवाळाने मढलेल्या फांदीच्या खालच्या अंगाने, कधी डोके खाली आणि शेपूट वर अशा अवस्थेत तो पुढे सरकत राहतो, सालीच्या भेगांत चोच घालतो, शेवाळाचा एखादा झुपका उचकटतो आणि त्यामागे दडलेली अळी टिपून पुढच्या फांदीकडे वळतो. लांबी सुमारे 13 सेंटीमीटर, वजन पंधरा ग्रॅमच्या आसपास, पाठ राखाडी, पोट पांढरे, चोच आणि पाय गुलाबी, शेपूट आखूड असा हा पक्षी हवाई द्वीपसमूहातील कवाई या एकाच बेटावर, आणि तेही बेटाच्या माथ्यावरील अलाकाई नावाच्या चिंब पठारावर राहतो. जगात तो इतरत्र कुठेही नाही. 2018 मध्ये रानात सुमारे 468 अकिकीकी असावेत असा अंदाज होता. 2021 मध्ये हा अंदाज 45 वर आला, 2023 मध्ये पाचवर आला आणि 2024 मध्ये रानात माहीत असलेला एकच पक्षी उरला.

एवढ्या थोड्या वर्षांत एवढी मोठी घसरण झाली म्हणजे जंगल तोडले गेले असेल किंवा बेसुमार शिकार झाली असेल, असे कोणालाही वाटेल. यांपैकी काहीच झाले नाही. अलाकाईचे जंगल संरक्षित आहे, दुर्गम आहे आणि बऱ्याच प्रमाणात अजूनही उभे आहे. मग कारण हवामानबदलाचे आहे असे सांगितले की दुसरा गैरसमज होतो, तो असा की वाढलेला उष्मा सोसला न गेल्यामुळे पक्षी मेले असावेत. तसेही झालेले नाही. तापमानातील एक-दीड अंशाची वाढ या पक्ष्याला स्वतःला सहज सोसता आली असती. ती वाढ सोयीची ठरली डासाला आणि डासाच्या पोटात वाढणाऱ्या एका परजीवीला. हवामानबदलाचा घाव अनेकदा असा आडवळणाने बसतो आणि तो समजून घेतल्याशिवाय या पक्ष्यासाठी आज जे प्रयत्न चालले आहेत त्यांचा अर्थ लागत नाही, म्हणून थोडे मागून सुरुवात करावी लागेल.

हवाई बेटे प्रशांत महासागराच्या मध्यावर, जवळच्या खंडापासून सुमारे चार हजार किलोमीटर अंतरावर आहेत. पन्नास-साठ लाख वर्षांपूर्वी आशियातील फिंच कुळातल्या पक्ष्यांचा एक लहानसा थवा, बहुधा वादळात भरकटून, या बेटांवर पोहोचला. तिथे त्यांना स्पर्धक फारसे नव्हते आणि रिकाम्या जागा पुष्कळ होत्या. त्या एका पूर्वजापासून पन्नासहून अधिक जाती निर्माण झाल्या. कोणाची चोच फुलातील मध पिण्यासाठी कोयत्यासारखी वळली, कोणाची लाकूड फोडण्यासाठी पोपटासारखी जाड झाली. अकेकेए नावाच्या जातीच्या चोचीची टोके एकमेकांवरून किंचित तिरकी गेली, जेणेकरून पानांच्या मिटलेल्या कळ्या उघडून आतले कीटक काढता यावेत. या साऱ्या पक्ष्यांना इंग्रजीत हनीक्रीपर म्हणतात. उत्क्रांतीचा इतका मोकळा आविष्कार पक्षिजगतात फार थोड्या ठिकाणी पाहायला मिळतो. या जातींपैकी आज सतराच्या आसपास उरल्या आहेत आणि त्यांतल्याही काही नावापुरत्याच.

या लाखो वर्षांत हवाईत डास नव्हता. समुद्र इतका विस्तीर्ण होता की तो तिथे पोहोचलाच नाही. त्यामुळे तिथल्या मूळ भाषेत डासाला शब्दही नव्हता. आज वापरला जाणारा ‘माकिका’ हा शब्द इंग्रजीतील ‘मॉस्किटो’वरूनच तयार झाला आहे. पहिला डास 1826 च्या सुमारास जहाजांवरील पाण्याच्या पिंपांतून माऊई बेटावरील लाहायना बंदरात उतरला, असे मानले जाते. तो क्युलेक्स प्रजातीचा, रात्री चावणारा, साचलेल्या पाण्यात वाढणारा डास होता. डास एकटाच आला असता तर त्रासाखेरीज फारसे काही घडले नसते. पण पुढे लोकांनी हौसेसाठी आणि शेतातील किडींच्या बंदोबस्तासाठी बाहेरून पक्षी आणले आणि त्यांच्या रक्तातून ‘प्लाझ्मोडियम रेलिक्टम’ हा पक्ष्यांच्या हिवतापाचा परजीवी बेटांवर आला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत डास आणि परजीवी ही जोडी पूर्ण झालेली होती.

हा हिवताप माणसाला होत नाही. माणसाच्या मलेरियाशी त्याचे दूरचे नाते आहे आणि रोगाची तऱ्हाही तशीच आहे. डास चावल्यावर परजीवी पक्ष्याच्या रक्तात उतरतो, तांबड्या पेशींमध्ये शिरून वाढतो आणि त्या फोडून बाहेर पडतो. पेशी झपाट्याने नष्ट होऊ लागल्या की रक्त पातळ होते, यकृत आणि प्लीहा सुजतात, पक्षी पंख पिसकारून एका जागी बसून राहतो, त्याचे खाणे सुटते आणि काही दिवसांत तो मरतो. ज्या पक्ष्यांचे पूर्वज या परजीवीबरोबरच वाढले, ते आजारी पडून बरेही होतात. हवाईच्या पक्ष्यांच्या शरीराला मात्र या शत्रूची ओळखच नव्हती. इइवी नावाच्या लालभडक, वाकड्या चोचीच्या पक्ष्यावर प्रयोगशाळेत पडताळणी झाली, तेव्हा रोगाची लागण झालेल्या एका डासाचा एकच दंश दहापैकी नऊ पक्ष्यांच्या मृत्यूला पुरेसा ठरला. पक्ष्याच्या अंगावर पिसांचे दाट आवरण असते हे खरे, पण डोळ्यांभोवतीची कातडी आणि पाय उघडे असतात, आणि डासाला तेवढी जागा पुरते.

हा संबंध उलगडण्यासाठीही बराच काळ जावा लागला. सखल भागातील जंगले हिरवीगार असूनही तिथले स्थानिक पक्षी नाहीसे झाले होते आणि डोंगरावर ठरावीक उंचीपासून ते पुन्हा दिसू लागत होते, हे निरीक्षकांच्या लक्षात आले होते. पण कारण नक्की होत नव्हते. रिचर्ड वॉर्नर या संशोधकाने डास न पोहोचलेल्या जागचे पक्षी सखल भागात आणले, काही पिंजरे डास शिरणार नाहीत अशा कापडाने झाकले आणि काही उघडे ठेवले. झाकलेल्या पिंजऱ्यांतले पक्षी जगले आणि उघड्या पिंजऱ्यांतले मेले. 1968 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाने हवाईच्या पक्ष्यांचा नकाशा वाचण्याची दृष्टीच बदलली. पक्षी उंचावर राहत होते ते उंचीच्या आवडीपोटी नव्हे. डास आणि परजीवी यांना जिथे थंडी अडवत होती, तेवढाच भाग त्यांच्यासाठी उरला होता.

आता त्या थंडीकडे नीट पाहू, कारण सगळा विषय तिथेच आहे. डासाने आजारी पक्ष्याचे रक्त प्यायले म्हणजे तो लगेच रोग पसरवू लागतो असे नाही. परजीवीला डासाच्या पोटात काही अवस्थांमधून जावे लागते आणि अखेरीस डासाच्या लाळग्रंथींपर्यंत पोहोचावे लागते. त्यानंतरच पुढचा दंश घातक ठरतो. डासाचे शरीर स्वतःची ऊब धरून ठेवत नाही, त्यामुळे या वाढीचा वेग पूर्णपणे बाहेरच्या तापमानावर ठरतो. उबदार हवेत ती आठवड्याभरात पूर्ण होते. तापमान 17 अंश सेल्सिअसच्या आसपास आले की ती इतकी रेंगाळते की परजीवी तयार होण्याआधीच बहुतेक डास आयुष्य संपून मरून जातात. 13 अंशांच्या खाली ही वाढ थांबते. म्हणजे डोंगराच्या अंगावर दोन अदृश्य रेषा आहेत असे समजावे: एका रेषेच्या वर रोग फक्त वर्षातल्या उबदार काळातच पसरू शकतो आणि दुसरीच्या वर तो पसरूच शकत नाही. हवाईच्या पक्ष्यांसाठी ही थंडीच तटबंदी होती.

डोंगरावर दर शंभर मीटर चढल्यावर तापमान ढोबळमानाने 0.65 अंशाने उतरते. याचाच व्यत्यास असा की सरासरी तापमान एका अंशाने वाढले तर प्रत्येक रेषा सुमारे दीडशे मीटर वर सरकते. मैदानात राहणाऱ्याला एक अंश ही जाणवण्याजोगी गोष्ट वाटत नाही. उतारावर राहणाऱ्या पक्ष्याचे मात्र तेवढ्यात दीडशे मीटर उंचीचे जंगल हातचे जाते, आणि डोंगर वर निमुळता होत जात असल्यामुळे प्रत्येक पुढचा टप्पा आधीच्यापेक्षा लहान असतो. कवाईचे सर्वोच्च शिखर कावाईकिनी 1,598 मीटर उंच आहे. अलाकाईचे पठार त्याच्या खाली पसरले आहे. इथे संपूर्ण संरक्षण देणारी उंची मुळातच नाही. पक्षी तगून होते ते पहिल्या रेषेच्या आधाराने. ती रेषा पठारावरून वर सरकली आणि पक्ष्यांना सरकायला वर डोंगरच उरला नाही.

अलाकाईजवळचे वाईआलेआले शिखर जगातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक म्हणून प्रसिद्ध आहे. एवढा पाऊस म्हणजे डासांना पर्वणी असे वाटेल, पण जोरदार पाऊस पक्ष्यांचा मित्रच होता. मुसळधार सरींनी ओढ्यांना पूर येत, काठच्या डबक्यांतल्या डासांच्या अळ्या वाहून जात. पावसात खंड पडू लागला की ओढे आटून त्यांच्या पात्रात डबकी उरतात आणि अळ्यांना निवांत वाढायला जागा मिळते. त्यात रानडुकरांची भर आहे. हेही बाहेरून आलेले प्राणी असून ते लोळण घेऊन चिखलात खड्डे करतात, झाडासारख्या उंच वाढणाऱ्या हापूऊ नेच्याचे खोड फोडून आतला पिठूळ गर खातात आणि त्या पोकळ खोडात पावसाचे पाणी साचते. अशा एकाच खोडात डासांची पिढी तयार होते. उंदीर घरटी लुटतात, म्हणून रानात त्यांच्यासाठी सापळे लावावे लागतात. 1992 मध्ये आलेल्या इनिकी चक्रीवादळाने या जंगलाची आधीच मोठी मोडतोड केलेली होती. या प्रत्येक गोष्टीने पक्षी दुबळे केले हे निर्विवाद आहे, तरी माझ्या मते त्यांना एका ओळीत बसवून ‘अनेक कारणे आहेत’ असे म्हणणे दिशाभूल करणारे ठरेल. 2018 नंतरचा कडेलोट डासांमुळे झाला आणि डास वर आले ते उबेमुळे.

कवाईपेक्षा उंच बेटे हवाईत आहेत. माऊईवरील हालेआकाला 3,055 मीटर आणि हवाई बेटावरील माऊना केआ 4,207 मीटर उंच आहे. मग तिथले पक्षी तरी सुरक्षित असतील ना, हा प्रश्न साहजिक आहे. काही प्रमाणात ते सुरक्षित आहेत, पण त्या डोंगरांवर जंगल शिखरापर्यंत पोहोचत नाही. ठरावीक उंचीनंतर हवा कोरडी होते आणि वरच्या उतारांवरील बरीच झाडी गुरांच्या कुरणांसाठी शतकभरापूर्वीच साफ झालेली आहे. खालून रोगाची रेषा चढते आणि वर जंगलाची हद्द जागच्या जागी राहते, अशा कात्रीत पक्षी सापडले आहेत. यावर एक चांगला उपाय माऊना केआच्या उतारावर हाकालाऊ अभयारण्यात चालू आहे. 1985 मध्ये स्थापन झालेल्या या अभयारण्यात जुन्या कुरणांवर कोआ आणि ओहिआ या स्थानिक झाडांची लागवड करून जंगल वरच्या दिशेला वाढवले जात आहे. हे काम दशकांच्या हिशेबाने चालते, आणि कवाईला ती संधीही नाही.

अंदाज थोडा चुकला तर काय होते, याचा अनुभव माऊईवर 2019 मध्ये आला. किविकिउ हा पोपटासारख्या चोचीचा, अतिशय दुर्मीळ पक्षी हालेआकालाच्या एकाच ओल्या बाजूवर उरला होता. दुसऱ्या बाजूला नाकुला येथे वर्षानुवर्षे झाडे लावून जंगल पुन्हा उभे केले गेले आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये तिथे 14 पक्षी नेण्यात आले. त्यांतले सात रानातून पकडलेले होते आणि सात पिंजऱ्यात वाढवलेले. काही आठवड्यांतच पक्षी हिवतापाने मरू लागले. डास अपेक्षेपेक्षा वर पोहोचलेले होते. त्यातून वाचलेला एक नर सहाशेहून अधिक दिवसांनी पुन्हा दिसला, तेव्हा संशोधकांना आनंद झाला. पण धडा स्पष्ट होता. जंगल पुन्हा उभारले, पक्षी जपून वाढवले, सगळी काळजी घेतली, तरी डास असेल तर काहीही टिकत नाही.

म्हणून आजचे प्रयत्न दोन आघाड्यांवर चालतात: उरलेले पक्षी डासांपासून दूर नेऊन जगवणे आणि डोंगरावरून डास हटवणे.

पहिल्या आघाडीवरचे काम जवळून पाहिले तर त्यातले कष्ट कळतात. अकिकीकी ओहिआ झाडाच्या शेंड्याजवळ, बारीक फांद्यांच्या बेचक्यात शेवाळ विणून वाटीएवढे घरटे करतो आणि मादी साधारण दोन अंडी घालते. शेंड्याच्या फांद्या माणसाचे वजन पेलत नाहीत, म्हणून सुमारे बारा मीटर लांबीची शिडी हेलिकॉप्टरने जंगलात आणावी लागते, दलदलीत तिचे पाय रोवावे लागतात आणि चारी बाजूंनी दोर ताणून ती झाडाला न टेकवता उभी धरावी लागते. मग एकजण वर चढतो, बोटांच्या टोकांनी ती लहानशी अंडी उचलतो आणि ऊब राखणाऱ्या पेटीत ठेवतो. 2015 पासून अशी अंडी गोळा करून सॅन डिएगो प्राणिसंग्रहालयाच्या संस्थेमार्फत चालवल्या जाणाऱ्या हवाई आणि माऊई बेटांवरील संवर्धन केंद्रांत पिल्ले वाढवली गेली. या केंद्रांतील पिंजऱ्यांना बारीक जाळी आहे, आत ओहिआच्या फांद्या रचलेल्या आहेत, आणि जगातले जवळपास सगळे अकिकीकी आज याच जाळीआड आहेत. ऑगस्ट 2023 मध्ये माऊईवर वणवे भडकले तेव्हा आग तिथल्या केंद्राच्या अगदी हद्दीपर्यंत आली होती, आणि कर्मचाऱ्यांनी व एका शेजाऱ्याने पाण्याच्या नळ्या व अग्निशामके हाती घेऊन ती रोखून धरली. एका जातीचे अस्तित्व दोन-चार इमारतींवर अवलंबून असणे म्हणजे काय, हे त्या सकाळी दिसले.

दुसऱ्या आघाडीवरील उपाय वरवर पाहता उलटा वाटतो, कारण त्यात डोंगरावर आणखी डास सोडले जातात. वोल्बाकिया नावाचा जिवाणू अनेक कीटकांच्या पेशींमध्ये नैसर्गिकरीत्या राहतो. हवाईच्या क्युलेक्स डासांमध्येही त्याचा एक वाण आहे. प्रयोगशाळेत वाढवलेल्या डासांमध्ये मात्र या जिवाणूचा वेगळा वाण असतो. अशा प्रयोगशाळेतील नराचा रानातल्या मादीशी संयोग झाला की दोन्ही वाण जुळत नाहीत आणि मादीने घातलेली अंडी उबत नाहीत. क्युलेक्सची मादी बहुधा आयुष्यात एकदाच संयोग करते, त्यामुळे तिची सगळी अंडी वाया जातात. यात डासांच्या जनुकांत फेरफार केलेला नसतो. सोडले जातात ते फक्त नर, आणि नर डास चावत नाहीत. रक्त लागते ते मादीला, अंडी तयार करण्यासाठी. रानातील नरांपेक्षा प्रयोगशाळेतले नर कितीतरी अधिक संख्येने आणि पुन्हा पुन्हा सोडले, तर पिढ्यांमागून पिढ्या डास घटत जातात. ते सोडणे थांबले की डास परत वाढू लागतात, म्हणून हे काम सतत चालू ठेवावे लागते. ही या पद्धतीची मर्यादा आहे आणि काही बिघडले तर थांबता येण्याची सोयही तिच्यातच आहे.

‘बर्ड्स, नॉट मॉस्किटोज’ या नावाने सरकारी विभाग आणि संवर्धन संस्था एकत्र आल्या, अमेरिकेच्या पर्यावरण यंत्रणेची परवानगी 2023 मध्ये मिळाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस माऊईवर हेलिकॉप्टरमधून असे नर सोडायला सुरुवात झाली. रस्ते नसलेल्या, धुक्यात बुडालेल्या दऱ्यांवर आपोआप कुजून जाणारी डबी टाकली जातात आणि त्यांतून डास बाहेर पडतात. नंतर कवाईवरही हे काम सुरू झाले. डास मुद्दाम सोडण्याला विरोधही झाला आणि लोकांच्या मनातली शंका मी समजू शकतो, कारण बाहेरून जीव आणून सोडण्याच्या चुकांनीच या बेटांचे नुकसान झाले आहे. पण क्युलेक्स डास हवाईचा मूळ रहिवासी नाही, तो जंगलातून गेला तर त्याच्यावाचून अडेल असा तिथला मूळ प्राणी नाही, आणि काहीच न करण्याची किंमत काय असते ते आकडे सांगत आहेत. ऑक्टोबर 2023 मध्ये अमेरिकेने 21 जाती अधिकृतपणे नामशेष ठरवल्या. त्यांत हवाईचे आठ पक्षी होते. माऊईचा पोओउली त्यांतलाच. त्याचा शेवटचा ज्ञात पक्षी नोव्हेंबर 2004 मध्ये पिंजऱ्यातच मरण पावला.

पक्षी स्वतःच या रोगाला सरावतील का, असा प्रश्न विचारला जातो. हवाई बेटावरील अमाकिही हा पिवळसर हिरवा पक्षी काही सखल भागांत हिवताप असूनही वाढताना आढळला आहे, म्हणजे काही पक्ष्यांमध्ये सहनशक्ती आली आहे. मात्र त्यासाठी मुळात हजारो पक्षी असावे लागतात, त्यांतले थोडे जन्मतः रोग सोसणारे असावे लागतात आणि बाकीचे मरत असताना या थोड्यांना प्रजननासाठी पुरेसा वेळ मिळावा लागतो. शेकड्यांत असलेल्या आणि एका वेळी साधारण दोनच अंडी घालणाऱ्या पक्ष्याला तेवढा अवकाश नसतो. डास घटवणे म्हणजे हा अवकाश त्याला मिळवून देणे आहे.

अकेकेए आणि इतर काही जातींचे उरलेले पक्षी कवाईच्या रानात अजून आहेत, आणि डास कमी झाले तर पहिला फायदा त्यांना होईल. अकिकीकीच्या पिंजऱ्याचे दार उघडायचे की नाही, हे मात्र एका ऋतूवरून ठरेल. हवाईत हिवतापाचा जोर उन्हाळ्याच्या अखेरीस आणि शरद ऋतूत सर्वाधिक असतो. त्या महिन्यांत अलाकाईवर लावलेल्या सापळ्यांत दर रात्री किती डास सापडतात आणि त्यांतल्या किती जणांत परजीवी निघतो, याची मोजणी ओल्या जंगलात तंबू ठोकून राहणारे लोक करतात. तो आकडा लागोपाठ काही शरद ऋतूंत खाली राहिला, तर शेवाळाने मढलेल्या त्या फांद्यांवर अकिकीकी पुन्हा सोडता येईल.